घरी शिकलेल्या भाषेला शाळेचे क्रेडिट : एका सोयीची पार्श्वभूमी

टेक्सासमधल्या मार्फा या लहानशा गावात 1954 साली एका शाळेने चक्क भाषेचा दफनविधी केला. ब्लॅकवेल ही मेक्सिकन वंशाच्या मुलांची वेगळी शाळा. शिक्षकांनी मुलांकडून चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहवून घेतले, चिठ्ठ्या एका पेटीत घातल्या आणि ती पेटी आवारात पुरली. ‘मिस्टर स्पॅनिश’ गेले, आता शाळेत फक्त इंग्रजी. त्यानंतर जो स्पॅनिश बोलताना सापडे त्याला मार बसे. त्या मुलांपैकी काही जण म्हातारे झाल्यावर, 2007 साली, पुन्हा तिथे जमले आणि पुरलेली भाषा त्यांनी समारंभपूर्वक वर काढली. ती शाळा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

त्याच देशात आज उलट चित्र दिसते. वॉशिंग्टन राज्यातल्या हायस्कूलचा विद्यार्थी घरी रशियन, सोमाली, व्हिएतनामी किंवा पंजाबी बोलत असेल, तर एक प्रावीण्य परीक्षा देऊन तो त्या भाषेची एकपासून चारपर्यंत क्रेडिट मिळवू शकतो. एक क्रेडिट म्हणजे ढोबळमानाने वर्षभराचा एक विषय. म्हणजे आजीकडून, आईकडून, प्रार्थनास्थळातून, रविवारच्या वर्गातून आलेली भाषा चार वर्षांच्या अभ्यासाच्या बरोबरीची धरली जाते, आणि त्यासाठी शाळेच्या भाषावर्गात एक तासही बसावे लागत नाही. राज्याच्या विद्यापीठांत प्रवेशाला इंग्रजीखेरीज दुसऱ्या एका भाषेची दोन क्रेडिट लागतात, त्यामुळे हा केवळ कौतुकाचा मामला नाही.

आपल्याकडे सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणारे असतात, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचे वाढीव गुण दहावीत मिळतात. वर्गाबाहेर शिकलेले परीक्षेने सिद्ध करायचे, ही कल्पना म्हणून आपल्याला परकी नाही. अमेरिकेत मात्र ती शाळेच्या दारातून आत यायला शतक लागले. एक तर तिथे शिक्षणाचे माप तासांत ठरलेले होते, आणि दुसरे म्हणजे घरची भाषा हे ज्ञान आहे असे कोणी धरतच नव्हते.

तासांच्या मापाची कथा पेन्शनपासून सुरू होते. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी 1905 साली महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी 1 कोटी डॉलर दिले. पैसे वाटायचे तर ‘महाविद्यालय’ कशाला म्हणायचे हे आधी ठरवणे भाग होते, कारण त्या काळी हायस्कूल आणि कॉलेज यांची सीमारेषा पुसट होती. कार्नेगी प्रतिष्ठानने अट घातली : प्रवेशासाठी विद्यार्थ्याकडून हायस्कूलचे किमान 14 ‘युनिट’ मागेल ते महाविद्यालय. आणि युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले साधारण 120 तास. पेन्शनच्या लोभाने महाविद्यालयांनी अट मानली, महाविद्यालयांच्या दाबाने हायस्कूलांनी मानली, आणि बघता बघता सगळ्या देशाचे वेळापत्रक त्यावर बेतले गेले. मूल काय शिकले याचा त्या व्याख्येत उल्लेखच नाही. किती तास बसले, एवढेच. वॉशिंग्टनमध्ये तर एका क्रेडिटला 150 तास अशी व्याख्या होती आणि ती 2011 पर्यंत टिकली.

या मापाचा सर्वांत मोठा फटका कोणाला बसला असेल, तर दोन भाषा घेऊन शाळेत आलेल्या मुलाला. घरात अस्खलित स्पॅनिश बोलणारी मुलगी ‘स्पॅनिश-1’च्या वर्गात एक ते दहा आकडे म्हणत वर्षभर बसे, कारण क्रेडिट त्या बसण्याचे होते. सोमाली किंवा पंजाबी बोलणाऱ्याला तेवढेही नाही. त्याच्या भाषेचा वर्गच नसे.

दुसरा अडथळा कायद्याचा होता, आणि तो आला पहिल्या महायुद्धातून. 1915 च्या सुमारास अमेरिकी हायस्कूलमधली जवळजवळ चौथा हिस्सा मुले जर्मन शिकत होती. 1922 पर्यंत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली गेले. 1918 मध्ये आयोवाच्या गव्हर्नरांनी फतवा काढला, की शाळेत, सार्वजनिक जागी, आगगाडीत, एवढेच काय टेलिफोनवरही इंग्रजीच बोलावे. शेजारच्या नेब्रास्काने 1919 साली कायदा केला : आठवी उत्तीर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला इंग्रजीखेरीज दुसरी आधुनिक भाषा शिकवायची नाही. खासगी शाळेतसुद्धा नाही.

25 मे 1920 रोजी तिथल्या हॅम्पटन गावाजवळच्या एका चर्चच्या शाळेत रॉबर्ट मेयर हे शिक्षक दहा वर्षांच्या मुलाकडून बायबलमधली गोष्ट जर्मनमध्ये वाचून घेत होते. काउंटीचा सरकारी वकील वर्गात आला. मेयर थांबले नाहीत. त्यांना 25 डॉलर दंड झाला, तो त्यांनी भरला नाही, आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 4 जून 1923 रोजी सात विरुद्ध दोन मतांनी नेब्रास्काचा कायदा रद्द झाला. भाषा शिकवण्याचा शिक्षकाचा आणि आपल्या मुलाने ती शिकावी असे ठरवण्याचा आईबापांचा अधिकार न्यायालयाने घटनेच्या संरक्षणाखाली आणला. चार वर्षांनी, 1927 मध्ये, हवाईतल्या जपानी पालकांच्या भाषाशाळांवरचे जाचक निर्बंधही त्याच आधारावर मोडीत निघाले. शाळा सुटल्यावर किंवा शनिवार-रविवारी मुलांना आपली भाषा शिकवणारी आजची प्रत्येक शाळा, मराठी शाळासुद्धा, या दोन निकालांच्या भरवशावर उभी आहे. पण अधिकार मिळाला तो शिकवण्याचा. त्या शिकण्याला किंमत देण्याचे बंधन कोणावर आले नाही.

आता मोजपट्टीकडे. 1929 च्या एका मोठ्या राष्ट्रीय अहवालाने सुचवले, की हायस्कूलात दोन वर्षांत भाषा बोलायला येणे शक्यच नाही, तेव्हा वाचनावर भर द्यावा. पुढे दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा परक्या देशात जाऊन चार वाक्ये बोलेल असा माणूस सैन्याला मिळेना, आणि 1943 मध्ये सैन्याला स्वतःच भाषावर्ग चालवावे लागले. युद्धानंतर, 1952 साली, सरकारने आपल्या नोकरवर्गाला कोणकोणत्या भाषा येतात याची नोंद करायचे ठरवले. तोपर्यंत अशी यादी नव्हतीच, आणि ‘येते’ म्हणजे किती येते हे सांगायची रीतही नव्हती. परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षणसंस्थेने मग शून्य ते पाच अशा पायऱ्या आखल्या आणि तोंडी मुलाखतीची पद्धत बसवली.

मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी वाटते. कारण या परीक्षेत तुम्ही कुठे शिकलात, किती वर्षे शिकलात, कोणत्या पुस्तकातून शिकलात हे विचारायचेच नव्हते. समोर बसा, बोला, काय करता येते ते दाखवा. पुढे 1979 साली अध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या आयोगाने देशाच्या भाषाज्ञानाबद्दल कठोर शब्द वापरले. त्यानंतर भाषाशिक्षकांच्या ॲक्टफल या संघटनेने परराष्ट्र खात्याची पट्टी शाळा-कॉलेजांसाठी बदलून घेतली. 1986 मध्ये ती पक्क्या स्वरूपात आली : नवशिका, मध्यम, प्रगत आणि त्यावर श्रेष्ठ, खालच्या पायऱ्यांना पुन्हा उपपायऱ्या.

म्हणजे 1986 मध्ये पट्टी तयार होती. ती स्थलांतरितांच्या मुलांना लावायला आणखी पाव शतक गेले. तांत्रिक अडचण काही उरली नव्हती. अडचण नजरेची होती. 1968 चा द्विभाषिक शिक्षण कायदा, आणि 1974 चा सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या बाजूने लागलेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, हे दोन्ही त्या मुलांसाठी मोठे आधार ठरले यात शंका नाही. पण दोन्हींचा रोख एकच होता : या मुलांना इंग्रजी येत नाही, ती उणीव भरून काढा. त्यांना जे येते त्याचा हिशेब कुठेच नव्हता. 1998 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 61 टक्के मतांनी द्विभाषिक वर्गही जवळपास बंद पाडले.

याच काळातली एक गोष्ट मराठी माणसाला जवळची. स्पुटनिक उडाल्यावर धास्तावलेल्या अमेरिकेने 1958 साली संरक्षण-शिक्षण कायदा केला आणि ‘दुर्मीळ’ भाषांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा सोडला. त्या लाटेत शिकागो आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत मराठीचा अभ्यास रुजला. 1961 मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज स्थापन झाली, तिचे पहिले भारतीय ठाणे पुण्यात डेक्कन कॉलेजात होते, आणि पुण्यात मराठी शिकायला अमेरिकी विद्यार्थी येऊ लागले. फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी परभाषिकांना मराठी शिकवण्याची साधने जय निंबकर यांच्यासोबत तयार केली, ती पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातर्फेच. विद्यापीठात शून्यातून मराठी शिकणाऱ्या तरुणाला सरकारी शिष्यवृत्ती होती. घरी मराठी बोलणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीच्या शाळेच्या दफ्तरात मात्र तिच्या मराठीची एका ओळीचीही नोंद नव्हती.

बदल दोन वाटांनी आला. त्या दोन्हींची लोक गल्लत करतात, म्हणून वेगळ्या सांगतो.

पहिली वाट कॅलिफोर्नियाची. 1998 च्या पराभवानंतर एकत्र आलेल्या संघटनांनी ठरवले, की वाद घालत बसण्यापेक्षा दोन भाषा येणाऱ्या मुलांचा जाहीर सन्मान करावा. काही शाळाजिल्ह्यांनी, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनी, आधी आपल्या पातळीवर तो सुरू केला. 2011 मध्ये राज्याने कायदा केला आणि 2012 पासून पात्र विद्यार्थ्यांच्या हायस्कूल उत्तीर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रावर ‘सील ऑफ बायलिटरसी’ची मोहोर उमटू लागली. पाठोपाठ न्यूयॉर्क आले आणि मग राज्यांची रांग लागली. 2016 मध्ये कॅलिफोर्नियाच्याच मतदारांनी 1998 चा निर्णय फिरवला, तोही 73 टक्क्यांनी. पण मोहोर हा सन्मान आहे. उत्तीर्ण व्हायला लागणाऱ्या क्रेडिटच्या बेरजेत ती धरली जात नाही.

क्रेडिटची वाट वॉशिंग्टनने घातली. 2010 मध्ये तिथल्या शाळामंडळांच्या संघटनेने प्रावीण्याधारित क्रेडिटचे नमुना धोरण तयार केले. जागतिक भाषा हा त्यासाठी निवडलेला पहिला विषय. (‘परकीय भाषा’ हा शब्द तिथल्या शाळांनी हळूहळू सोडून दिला. सिअ‍ॅटलमध्ये जन्मलेल्या मुलीला आईची भाषा परकी कशी म्हणायची?) पुढच्याच वर्षी राज्य शिक्षण मंडळाने 150 तासांची व्याख्या काढून टाकली. सिअ‍ॅटलच्या दक्षिणेकडच्या केंट, रेंटन, टकविला, हायलाइन अशा शाळाजिल्ह्यांत निर्वासित आणि स्थलांतरित कुटुंबांची दाटी आहे. या भागातल्या शाळाजिल्ह्यांनी शनिवारी सामूहिक परीक्षा ठेवल्या. ॲक्टफलच्या पट्टीवर नवशिक्याची मधली पायरी गाठली तर एक क्रेडिट, वरची गाठली तर दोन, मध्यमच्या पहिल्या पायरीला तीन, दुसरीला चार. आणि जी कौशल्ये तपासली जातात त्या सगळ्यांत ती पायरी गाठावी लागते. बोलण्यात चार, लिहिण्यात एक असे झाले, तर लिहिण्याचीच पायरी ग्राह्य.

आदिवासी भाषांचा प्रश्न यापेक्षा नाजूक होता. निवासी शाळांत मुलांना मारून मारून ज्या भाषा विसरायला लावल्या, त्यांचे बोलणारे आता थोडके उरले आहेत, आणि कोणतीही परीक्षा-कंपनी त्यांच्यासाठी प्रश्नपत्रिका काढणार नाही. वॉशिंग्टनने हा निर्णय त्या त्या जमातीवर सोपवला : भाषा किती येते हे जमातच ठरवील. भाषाशिक्षकांच्या पात्रतेबाबत हेच तत्त्व राज्याने 2003 मध्ये मान्य केले होते.

मराठीचे काय? उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 चे. त्याच्या छत्राखाली आणि बाहेरही गावोगावी रविवारच्या मराठी शाळा चालतात, पालकच शिक्षक असतात. पुण्याच्या भारती विद्यापीठाशी जोडलेला अभ्यासक्रम आणि परीक्षा अनेक शाळांनी स्वीकारल्या आहेत. अमेरिकी जनगणना खात्याच्या 2009 ते 2013 च्या पाहणीत घरी मराठी बोलणारे सत्तर हजारांच्या वर होते. हिंदी किंवा गुजरातीच्या मानाने ही संख्या थोडी, आणि परीक्षा संख्या बघून तयार होतात. म्हणून स्पॅनिश-फ्रेंचच्या परीक्षेत चारही कौशल्ये असतात, तर लहान भाषांच्या परीक्षा बहुधा बोलणे आणि लिहिणे एवढ्यांवरच थांबतात.

तिथेच आपली मुले अडतात. आजीशी व्हिडिओ कॉलवर तासभर गप्पा मारणारा मुलगा ‘तुझ्या शाळेबद्दल दहा ओळी लिही’ म्हटले की थबकतो. ऱ्हस्व-दीर्घ राहू द्या, जोडाक्षर कसे काढायचे तेच त्याला माहीत नसते, आणि परीक्षा संगणकावर असल्याने देवनागरीचा कळफलक त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला असतो. अनेक शाळांत श्लोक, गाणी, सण यांवर भर असतो, आणि तो हवाच. पण सर्वांत खालच्या कौशल्यावर क्रेडिट ठरणार असेल, तर आठवी-नववीच्या मुलांना दर रविवारी अर्धा तास देवनागरीत परिच्छेद टाइप करायला बसवले पाहिजे. नेब्रास्काच्या मेयर गुरुजींनी ज्या तासासाठी 25 डॉलरचा दंड ओढवून घेतला, तोही वाचनाचाच तास होता.