कुष्ठरोगाचे अर्थकारण : ग्रामीण विदर्भ

कुष्ठरोग शोधणे, बरा करणे आणि त्यातून आलेले अपंगत्व सांभाळणे यांवर सरकार, संस्था व रुग्णाचे घर करीत असलेला खर्च, आणि रोगापायी बुडणारी मिळकत, यांचा एकत्रित हिशेब. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत रोगाचे प्रमाण राज्याच्या बहुतेक भागांपेक्षा पूर्वीपासून जास्त आहे. धान, कापूस, तेंदूपाने आणि मोहफुले यांवर पोट असलेल्या या मुलखात बहुतेकांचे भांडवल म्हणजे त्यांचे हातपाय. म्हणून औषधाच्या किमतीवरून हा हिशेब मांडला की तो हमखास चुकतो.

औषध रुग्णाला फुकट मिळते. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांच्या बहुविध उपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली. देशात तो सर्वांत आधी ज्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत वर्धा होता. १९८३ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमाची आखणीच या उपचारावर झाली. त्यापूर्वी एकटे डॅप्सोन वर्षानुवर्षे, पुष्कळदा जन्मभर घ्यावे लागे. १९९५ पासून ही औषधे जगभर मोफत पुरवली जातात, प्रथम निप्पॉन फाउंडेशनच्या आणि २००० पासून नोव्हार्टिसच्या देणगीतून. सौम्य प्रकाराला सहा महिने, जास्त जंतू असलेल्या प्रकाराला बारा महिने उपचार पुरतो. सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून होणारा संसर्ग थांबतो, त्यामुळे त्याला कामावरून काढण्याचे वैद्यकीय कारण उरत नाही.

खरा खर्च उशिराचा आहे. सुरुवातीचा चट्टा खाजत नाही, दुखत नाही. न दुखणाऱ्या डागासाठी मजुरी बुडवून कोण दवाखान्यात जाईल? हंगामात तर नाहीच. आधी गावातल्या दुकानातून नायट्याचे मलम आणले जाते, मग बाजाराच्या दिवशी खाजगी डॉक्टर होतो, मग जाणत्याचा झाडपाला. फुकट औषधापर्यंत पोहोचण्याआधीच घरातले पैसे गेलेले असतात. शिवाय एसटीचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजी. हा पैसा सरकारी ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

तोवर रोगाने नसा, म्हणजे मज्जातंतू, सुजतात. कोपरामागची नस गेली की करंगळी व तिच्या शेजारचे बोट आकसते, पकड ढिली पडते. कापूस वेचणीचा दाम किलोवर ठरतो, तेव्हा बोटे आकसलेली बाई दिवसभर राबूनही कमीच वेचते. वाळलेल्या बोंडाची टोके बधिर बोटांना बोचतात आणि ते तिला कळत नाही. धानाच्या रोवणीत बधिर पाय तासन्‌तास चिखलात असतात. तळव्याची जखम भरण्यासाठी पायावर भार न देता आठवडेच्या आठवडे बसून राहावे लागते, आणि मजुराला नेमके तेच परवडत नाही. पाण्यात पाय भिजवणे, घट्टे घासणे, तेल लावणे आणि मऊ रबराच्या तळाच्या चपला यांवर खर्च जवळपास काहीच नाही, तरी त्यासाठी रोज सवड आणि कोणीतरी शिकवणारे लागते.

नस नुकतीच, म्हणजे साधारण सहा महिन्यांच्या आत, कमजोर झाली असेल तर प्रेडनिसोलोनसारख्या सूज उतरवणाऱ्या स्वस्त गोळ्यांनी ती पुष्कळदा सावरते. ती वेळ टळली की उरते पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया, त्यानंतर प्लास्टर आणि व्यायामोपचार. या काळात बुडणाऱ्या मजुरीपोटी रुग्णाला आधी ५,०००, पुढे ८,००० आणि नंतर १२,००० रुपये साहाय्य ठरवले गेले. ही तरतूद मोलाची आहे, पण शस्त्रक्रियेची तारीख रोवणीत किंवा वेचणीत आली तर गरीब कुटुंब ती पुढे ढकलते, आणि त्याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे.

विदर्भाने या हिशेबाला दोन वेगळी उत्तरे दिली. एक वसाहतीचे. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे, शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीत तपोवन येथे, आणि बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन येथे घराबाहेर काढलेल्या रुग्णांना शेती व उद्योगांवर उभे केले. आनंदवन सुरू झाले ते सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये यांवर. खडकाळ जमिनीत विहीर खणून पिकवलेला भाजीपाला बाजारात घ्यायला लोक आरंभी कचरत. माल चांगला असून गिऱ्हाईक नाही, हा तोटा सर्वस्वी लोकांच्या भीतीने घडवलेला होता.

दुसरे उत्तर घरी जाऊन उपचार करण्याचे. १९५१ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही पद्धत घडवली. कार्यकर्ता घरोघर जाऊन तपासतो, समजावतो आणि तिथेच औषध देतो. रुग्णाचे राहणे-जेवण संस्थेवर पडत नाही, त्याचे शेत आणि संसार सुटत नाही. १९५५ च्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच वाट धरली. प्रस्तुत नोंदीच्या मते खेड्यातील कुष्ठकार्यात याहून किफायतीचा शोध औषधाखेरीज दुसरा नाही.

डिसेंबर २००५ मध्ये देशात दर दहा हजारी एकाहून कमी रुग्ण राहिल्याने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. हा आकडा उपचार चालू असलेल्यांचा असतो. जास्त जंतूंच्या प्रकाराचा उपचार चोवीस महिन्यांवरून बारावर आला, तेव्हा नवे रुग्ण तितकेच येत असतानाही नोंदवहीतली संख्या घटली. औषध संपवलेला पण बोटे गमावलेला माणूस तर त्यात मोजलाच जात नाही, आणि त्याचा खर्च जन्मभराचा. कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाल्यावर डाग ओळखणारी सरावलेली नजरही विरळ झाली. आता शोधाचा मोठा भार आशाताईंवर आहे. निदान पक्के झाल्यास त्यांना २५० आणि उपचार पूर्ण करवून घेतल्यास प्रकारानुसार ४०० किंवा ६०० रुपये मिळतात. रुग्ण जितके विरळ, तितकी एका रुग्णामागची पायपीट वाढते, मात्र मोबदला सापडलेल्या रुग्णावरच ठरतो. शंभर घरे तपासून एकही न सापडल्यास ते कामही झालेलेच असते, आणि त्याचा दाम वेगळा ठरायला हवा.

रुग्णाच्या सहवासातील लोकांना रिफाम्पिसिनची एकच मात्रा दिल्यास रोगाचा धोका कमी होतो. गोळी स्वस्त आहे. परंतु शेजाऱ्यांना ती का द्यायची हे सांगताना रुग्णाचे नाव फुटू शकते, आणि मग त्याला कामावर बोलावणे बंद होण्याची भीती असते. त्यामुळे काही रुग्ण शेजाऱ्यांऐवजी फक्त घरच्यांनाच मात्रा देऊ देतात.