तीन मिलिमीटरची जाळी आणि सदतीस हजारांची फेलोशिप

तांब्याची एक गोल जाळी असते. व्यास जेमतेम तीन मिलिमीटर, म्हणजे मसुराच्या दाण्याहूनही लहान, आणि जाडी कागदापेक्षा कमी. तिच्यावर कार्बनचा पापुद्रा बसवलेला असतो, तो इतका नाजूक की चिमट्याचं टोक लागलं तरी फाटतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नमुना जातो तो या जाळीवर बसून. ती बरोबर कडेला धरायची, वर द्रवाचा एक थेंब सोडायचा, जास्तीचा द्रव गाळणकागदाच्या कोपऱ्यानं टिपून घ्यायचा आणि ती वाळू द्यायची. वाचायला सोपं आहे. पण पहिल्या दहा-बारा जाळ्या खाली पडतात, उलट्या होतात, दुमडतात, नाहीतर ओल्या चिमट्यालाच चिकटून बसतात. मी शिकत होतो तेव्हा माझ्या सरांनी पहिला आठवडाभर मला सूक्ष्मदर्शकाजवळ फिरकूच दिलं नाही. फाटक्या जाळ्यांची एक डबी हातात दिली आणि म्हणाले, "आधी हात बसू दे."

नॅनोतंत्रज्ञानात माणूस कसा तयार होतो, असं कुणी विचारलं की मला ती डबी आठवते. या क्षेत्रावर किती कोटी मंजूर झाले याच्या बातम्या आपण वाचतो. त्यातले किती पैसे नव्या मुलामुलींचा हात बसवण्यासाठी खर्च होतात, हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो.

हात बसणं म्हणजे काय, हे समजायला एक जुना प्रयोग पुरेसा आहे. क्लोरोऑरिक आम्ल हे सोन्याचं संयुग पाण्यात अगदी थोडं विरघळवून उकळायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट घालायचं. फिकट पिवळा द्रव आधी रंगहीन होतो, मग काळसर निळा आणि काही मिनिटांत माणकासारखा लाल. सोनंच ते, फक्त त्याचे कण आता वीसेक नॅनोमीटरचे झाले आहेत आणि या आकाराला सोन्याचा रंगच बदलतो. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये असाच लाल द्रव लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तयार केला होता. सायट्रेटची ही कृती १९५१ पासून जगभर चालते. तरीही नवख्या हाताला ती साधतेच असं नाही. चंबू अम्लराजानं (सोनंही विरघळवणारं हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांचं मिश्रण) नीट धुतला नसेल, तर आधीच्या प्रयोगाचे काचेला चिकटलेले कण सगळं बिघडवतात आणि लाल होण्याऐवजी तळाला जांभळट गाळ बसतो. काच किती स्वच्छ असावी लागते हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. ते पटतं मात्र असे दोन-तीन गाळ पाहिल्यावरच.

पुढे गोष्टी धोक्याच्याही होतात. ज्यावर चिप बनते ती सिलिकॉनची चकती धुण्यासाठी सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं मिश्रण वापरतात. त्याला 'पिरान्हा' असं नाव आहे, कारण सेंद्रिय काहीही समोर आलं की ते खाऊन टाकतं. पेरॉक्साइड आम्लात हळूहळू घालायचं, उलट कधीही नाही, आणि जवळपास ॲसिटोनचा थेंबसुद्धा असता कामा नये, स्फोट होऊ शकतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल त्याहून फसवं. ते पातळ असलं तर त्वचेवर सांडल्यावर लगेच दुखतही नाही आणि तेवढ्या वेळात आत शिरून शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं. म्हणून ते वापरायचं तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटची जेली हाताशी ठेवावी लागते. क्लीनरूममध्ये, म्हणजे हवेतली धूळ गाळून काढलेल्या खोलीत, शिरताना आधी टोपी, मग अंगभर झगा, मग बूट असा क्रम असतो. आतला उजेड पिवळा, कारण चकतीवरचा प्रकाशसंवेदी लेप निळ्या आणि अतिनील प्रकाशानं खराब होतो. चांगल्या क्लीनरूममध्ये घनफूटभर हवेत अर्ध्या मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मीटरचा दशलक्षावा भाग) मोठे कण हजारपेक्षा कमी असतात. आपल्या घरातल्या हवेत ते लाखांत मोजावे लागतात. या सगळ्याचं वळण पडायला महिने लागतात आणि तेवढे महिने कुणीतरी अनुभवी माणूस शेजारी उभा असावा लागतो. त्या उभं राहण्याचाही पगार असतो.

भारतात याला सरकारी पाठबळ मिळालं ते २००१ पासून. आधी एक छोटा उपक्रम होता. मग मे २००७ मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं 'नॅनो मिशन' सुरू केलं, पाच वर्षांसाठी १००० कोटी रुपये. प्रा. सी. एन. आर. राव त्याच्या परिषदेचे अध्यक्ष होते. यंत्रं आली, मोहालीला नॅनोविज्ञानाची स्वतंत्र संस्था उभी राहिली, अनेक विद्यापीठांत एमएस्सी आणि एमटेकचे अभ्यासक्रम सुरू झाले. शोधनिबंधांच्या संख्येत आपण जगातल्या पहिल्या काही देशांत जाऊन बसलो. हे यश खरं आहे. शोधनिबंधांच्या पलीकडचं कामही झालं. आयआयटी मद्रासच्या प्रा. टी. प्रदीप यांच्या गटानं नॅनोपदार्थ वापरून पिण्याच्या पाण्यातली कीटकनाशकं आणि आर्सेनिक काढण्याच्या पद्धती शोधल्या आणि त्या लोकांच्या घरापर्यंत पोहोचल्या.

पण एक गाठ तेव्हाच राहून गेली. नॅनोसायन्सची एमएस्सी करून बाहेर पडलेल्या मुलांना सीएसआयआर-नेट या फेलोशिप आणि प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेत नॅनोसायन्स हा विषयच नाही. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्राचा पेपर द्यायचा, तोही ज्यांनी दोन वर्षं फक्त तोच विषय केला त्यांच्याशी स्पर्धा करून. प्राध्यापकाच्या जाहिरातीत पदवी 'संबंधित विषयात' मागतात, तिथेही हीच अडचण. अभ्यासक्रमासाठी पैसे दिले आणि त्याच्या टोकाला दार ठेवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कोल्हापूरची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते आपल्याकडे ती पुरेशी सांगितली गेलेली नाही. पदार्थाचे अतिपातळ थर बनवण्याची नेहमीची रीत निर्वात यंत्रांची, आणि त्या यंत्रांची किंमत मोठी. शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे, प्रा. पी. एस. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वस्त रासायनिक पद्धतींवर भर दिला. त्यातली एक पद्धत कुणालाही डोळ्यांसमोर आणता येईल. टेबलावर चार बीकर ओळीनं ठेवायचे. पहिल्यात कॅडमियमच्या क्षाराचं द्रावण, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात सल्फाइडचं द्रावण, चौथ्यात पुन्हा पाणी. काचेची पट्टी पहिल्यात बुडवायची, दुसऱ्यात विसळायची, तिसऱ्यात बुडवायची, चौथ्यात विसळायची. हे एक आवर्तन. अशी पुष्कळ आवर्तनं झाली की काचेवर हळदीसारखी पिवळी झाक चढू लागते. तो कॅडमियम सल्फाइडचा थर असतो आणि त्याची जाडी किती बुड्या मारल्या त्यावर ठरते. दुसऱ्या पद्धतीत तापवलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारतात. अशाच थरांतून पुढे सौरघट, वायू ओळखणारे संवेदक आणि वीज साठवणारे सुपरकपॅसिटर यांवर काम झालं.

बुडवणं, विसळणं आणि वहीत नोंद करणं यात विद्यार्थ्यांची वर्षं गेली आणि त्यांचा हात बसला. या हातांना दक्षिण कोरियातून बोलावणं आलं. सोल आणि ग्वांगजूच्या विद्यापीठांतल्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळांत कोल्हापूरहून पीएचडी झालेले संशोधक वर्षानुवर्षं जात राहिले. आज खुद्द शिवाजी विद्यापीठात बारावीनंतर प्रवेश घेता येईल असा नॅनोसायन्सचा अभ्यासक्रम आहे. पुण्यातही प्रा. सुलभा कुलकर्णी यांनी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अनेक वर्षं नॅनोकणांवर काम करत विद्यार्थी घडवले आणि त्यांचं पाठ्यपुस्तक देशभर वापरलं जातं. चांगला मार्गदर्शक आणि बऱ्यापैकी वेळ मिळाला तर थोड्या पैशांतही माणूस तयार होतो.

पण बीकरमध्ये बनवलेला थर कसा झाला हे कळायला मोठी यंत्रंच लागतात आणि खरी अडचण तिथे आहे. लहान गावातल्या कॉलेजचा विद्यार्थी नमुना प्लॅस्टिकच्या पुडीत बंद करतो, मुंबईला किंवा आणखी कुठे पाठवतो, नमुन्यामागे पैसे भरतो आणि काही आठवड्यांनी ईमेलवर चार चित्रं येतात. यंत्र त्याला दिसतच नाही. हे मोठं नुकसान आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जाळीचा अगदी बारीकसा तुकडाच आपण पाहतो. चालवणारा माणूस साहजिकच जिथे कण सुबक दिसतात तिथलं चित्र काढतो. ज्यानं तो थर बनवला आहे तो शेजारी बसलेला असता तर म्हणाला असता, "ते कोपऱ्यातलं काळं काय आहे? तिकडे जरा घ्या ना." कित्येकदा खरी गोष्ट त्या कोपऱ्यातच असते.

म्हणून मला एक सरकारी योजना मनापासून आवडते. २००६ मध्ये आयआयटी मुंबई आणि बंगळूरची आयआयएससी इथे नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रं उभी राहिली, केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान खात्याच्या पैशांतून. दोनच वर्षांत त्यांना जोडून 'इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम' सुरू झाला, थोडक्यात 'आयनप'. कल्पना सरळ आहे. देशातल्या कुठल्याही कॉलेजातल्या शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं यावं, आधी ओळख करून देणाऱ्या छोट्या कार्यशाळेत बसावं, मग झगा घालून क्लीनरूममध्ये स्वतःच्या हातानं उपकरण बनवून पाहावं आणि कल्पना चांगली असेल तर तिथेच आपला प्रकल्प करावा. आता दिल्ली, खरगपूर, मद्रास आणि गुवाहाटीच्या आयआयटीही यात आल्या आहेत. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठानं बाहेरच्या संशोधकांसाठी अशी दारं १९७७ पासून उघडी ठेवली. २०१५ मध्ये तिथल्या सरकारनं अशा १६ केंद्रांच्या जाळ्याला पाच वर्षांसाठी ८ कोटी १० लाख डॉलर दिले.

आता फेलोशिप. पीएचडी करणाऱ्या जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलो) २०१० मध्ये महिना १६ हजार मिळायचे, २०१४ मध्ये २५ हजार झाले, २०१९ मध्ये ३१ हजार आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७ हजार, शिवाय घरभाडं. पंतप्रधान फेलोशिप मिळालेल्यांना ७० ते ८० हजार. यातली प्रत्येक वाढ संशोधक विद्यार्थ्यांनी मागून, निवेदनं देऊन, वेळप्रसंगी रस्त्यावर उतरून मिळवली आहे. राज्य विद्यापीठांत कसलीच फेलोशिप नसताना पीएचडी करणारेही खूप आहेत.

रकमेइतकंच महत्त्व आहे ती वेळेवर येण्याला. माझ्या ओळखीच्या एका मुलीची फेलोशिप सात महिने अडकली होती. ती सकाळी क्लासमध्ये अकरावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायची आणि दुपारी प्रयोगशाळेत यायची. यंत्राचा स्लॉट सकाळचा मिळाला की तो सोडून द्यावा लागायचा आणि पुढचा नंबर यायला तीन आठवडे लागायचे. सल्फाइडचे थर हवेत उघडे राहिले की बदलतात. तीन आठवड्यांनी ती नव्यानं पट्ट्या बुडवायला बसायची. कागदावर तिचा विलंब सात महिन्यांचा होता, कामाचं पाहिलं तर जवळजवळ दीड वर्ष गेलं.

यंत्रांचंही तसंच आहे. सूक्ष्मदर्शक घ्यायला अनुदान मिळतं, पण वॉरंटी संपल्यावर एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, पैसे कुठून आणायचे हे ठरलेलं नसतं. ते चालवणारा तंत्रज्ञ कंत्राटी असतो, दोन वर्षांत कुठेतरी जातो आणि यंत्राच्या खोडी जाणणारा एकमेव माणूस त्याच्याबरोबर निघून जातो. २०२२ मध्ये संशोधन संस्थांच्या उपकरणांवरचा सवलतीचा ५ टक्के जीएसटी १८ टक्के झाला, तेव्हा मंजूर रकमेत बसवलेली किती यादी कापावी लागली हे प्रत्येक प्रयोगशाळेला आठवत असेल. आता संशोधनाला निधी देणारं केंद्राचं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं आहे, २०२३ ते २०२८ या काळात ५० हजार कोटी रुपये उभे करण्याचं उद्दिष्ट आहे आणि त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यावा अशी अपेक्षा आहे. माझी मागणी साधी आहे. यंत्राच्या प्रत्येक मंजुरीत दहा वर्षांच्या देखभालीची आणि एका कायम तंत्रज्ञाच्या पगाराची तरतूद असावी. गुजरातेत धोलेरा आणि साणंदला चिपचे कारखाने उभे राहत आहेत. तिथे लागणाऱ्या माणसांपैकी बरीच अशाच प्रयोगशाळांतून तयार व्हायची आहेत.

हे वाचणाऱ्यांत बीएस्सी, एमएस्सीची मुलं असतील, तर त्यांच्यासाठी थोडं. 'इन्स्पायर' शिष्यवृत्तीच्या वर्षाच्या ८० हजारांपैकी २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठी असतात, ते नावापुरत्या अहवालात घालवू नका. तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी फेलोशिप आहे, तिच्यात दोन महिने चांगल्या प्रयोगशाळेत काम करता येतं. कुठलं यंत्र कुठे आहे आणि ते बाहेरच्यांना वापरता येतं का, हे आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर दिसतं. आयनपच्या कार्यशाळांवर लक्ष ठेवा आणि अर्जात चार बीकरचा प्रयोग केला असेल तर तोही लिहा. आणि नमुना पाठवायचाच असेल, तर एकदा तरी पुडी कुरिअरनं न पाठवता एसटीनं स्वतः घेऊन जा. यंत्र चालवणाऱ्याला विचारा, "दादा, मी शेजारी बसून बघू का?" माझा अनुभव असा आहे की बहुतेक जण खुर्ची पुढे ओढून देतात.