जुन्या कोळसा जेट्टीवर परदेशी गाड्या उतरवायच्या असतील तर…

कारखाना बंद पडला, पण खाडीतली जेट्टी उभी आहे आणि कोळशाचं यार्ड रिकामं आहे. मालकाच्या मनात येतं, इथे गाड्यांची जहाजं का लावू नयेत? 24 जुलै 2025 ला ब्रिटनशी व्यापार करारावर सह्या झाल्या. ठरलेल्या संख्येपुरतं (कोट्यापुरतं) गाड्यांवरचं आयात शुल्क त्यानुसार 10 टक्क्यांपर्यंत खाली यायचं आहे, त्यामुळे मोह आणखी वाढतो.

बहुतेक जण आधी इंजिनिअर गाठतात. माझ्या मते आधी आयात धोरण उघडावं. त्याच्या 87 व्या प्रकरणात नव्या गाड्या कोणत्या बंदरांतून आणता येतील याची नावानिशी यादी आहे. मुंबई, न्हावा शेवा, चेन्नई, कोलकाता ही त्यातली ओळखीची नावं. वापरलेल्या गाड्यांना तर एकट्या मुंबई बंदराचीच वाट आहे. तुमची जागा यादीत नसेल, तर धक्का कितीही चकचकीत करा, एकही गाडी उतरणार नाही. नाव घालून घ्यायचं तर विदेश व्यापार महासंचालनालयाची, म्हणजे डीजीएफटीची, अधिसूचना निघावी लागते.

त्यासाठीचा अर्ज साधारणपणे जेट्टीच्या करारधारकाने करायचा, गाड्या मागवणाऱ्याने नव्हे. राज्याच्या किनाऱ्यावर हा करार महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाशी असतो. तो नीट वाचा. ‘कॅप्टिव्ह’ जेट्टी म्हणजे स्वतःच्या कारखान्याचा माल उतरवण्यापुरती. दुसऱ्याचा माल हाताळायचा तर बोर्डाची परवानगी हवी आणि करारही बदलून घ्यावा लागतो.

पर्यावरणाचा भाग सगळ्यात चिवट. जुनी मंजुरी कोळशाची असेल तर ती गाड्यांना आपोआप लागू पडत नाही, आणि जेट्टी फार जुनी असेल तर फाइलमध्ये तसा कागद असेलच असंही नाही. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार वर्षाला 50 लाख टन किंवा त्याहून जास्त क्षमतेचं बंदर केंद्राकडे जातं, त्याखालचं साधारणपणे राज्याकडे. अर्ज पर्यावरण मंजुऱ्यांच्या परिवेश पोर्टलवर भरायचा. सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, मंजुरीसाठी 1:4000 प्रमाणाचा नकाशा लागतो. त्यावर भरती-ओहोटीच्या रेषा अधिकृत संस्थेनेच आखलेल्या हव्यात (चेन्नईचं अण्णा विद्यापीठ त्यांपैकी एक). गावातल्या सर्व्हेअरचा नकाशा इथे चालत नाही. यार्ड वाढवताना कांदळवन आडवं आलं, तर 2018 च्या निकालानंतर थेट मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि तीही प्रकल्प सार्वजनिक हिताचा असेल तरच. शक्य असेल तर यार्डाचा आराखडाच बदला.

मग कस्टम्स. 1962 च्या कस्टम्स कायद्याच्या कलम 7 खाली बंदर अधिसूचित व्हावं लागतं. कलम 8 खाली आयुक्त माल उतरवण्याची जागा आणि कस्टम्स क्षेत्राच्या हद्दी ठरवतात. माल ताब्यात ठेवण्यासाठी 2009 च्या नियमावलीखाली वेगळी मान्यता घ्यायची. फाइलमध्ये बोर्डाचा करार, जमिनीचे कागद, यार्डाचा आराखडा, कुंपण-कॅमेऱ्यांचा तपशील, विमा, बंधपत्र, बँक हमी असं सगळं लावून ठेवा. नौवहनाच्या बाजूने नौवहन महासंचालनालयाकडून आयएसपीएसचं, म्हणजे जहाजं आणि बंदरांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा संहितेचं, अनुपालनपत्रही लागेल. विक्री होईपर्यंत शुल्क न भरता गाड्या ठेवायच्या असतील, तर बाँडेड गोदामाचा परवाना वेगळा काढा.

आता धक्क्याकडे वळू. कोळशाची जेट्टी अरुंद असते, मधून कन्व्हेयर गेलेला. गाड्यांचं जहाज मात्र रॅम्प टेकवतं आणि गाड्या चालवतच बाहेर येतात. त्यासाठी रुंद, सपाट, भक्कम फरशी हवी. शिवाय आपल्याकडे उधाणाच्या दिवशी मुंबईच्या आसपास पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं. सकाळी बरा दिसणारा रॅम्प ओहोटीला इतका कलतो की गाडीचा पुढचा बंपर घासेल. पाँटून, म्हणजे पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का, हा त्यावरचा उपाय, पण नवं बांधकाम म्हटल्यावर ते आधीच्या पर्यावरण अर्जातच दाखवलेलं बरं.

यार्ड नुसतं झाडून भागत नाही. शेजारी कोळसा उतरत असेल तर पांढऱ्या बॉनेटवर रात्रीत काळी पूड बसते. दवाने ती ओली होते, आणि कोणी फडक्याने पुसली की रंगावर बारीक ओरखडे उमटतात. तो खर्च कोणी सोसायचा, हे करारात आधीच लिहून घ्या.

एक खर्च हमखास विसरला जातो. तुमच्या जागेवर नेमलेल्या कस्टम्स कर्मचाऱ्यांचा खर्च साधारणपणे तुम्हीच भरायचा असतो, तोही पगाराच्या 1.85 पट. महिन्यात एकच जहाज लागलं, तरी.