चौथा क्वार्टर कोणाचा असतो: क्लब फुटबॉलचा प्री-सीझन आणि एनएफएलचा कॅम्प

दर ऑगस्टला हेच होतं. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, प्री-सीझनचा सामना सुरू होतो, पहिल्या दोन ड्राइव्ह (चढाया) झाल्या की नावाजलेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, हेल्मेट काढून, डोक्यावर टोपी चढवून साइडलाइनला जाऊन उभा राहतो, आणि युरोपातलं क्लब फुटबॉल वर्षानुवर्षं पाहणारा प्रेक्षक टीव्ही बंद करतो. "फ्रेंडलीच तर आहे. स्टार बाहेर गेले, आता काय बघायचं?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकतो. ज्या क्षणी स्टार बाहेर जातात, त्या क्षणी तो सामना खऱ्या अर्थाने सुरू होतो.

घोळ शब्दामुळे होतो. "प्री-सीझन" हा एकच शब्द दोन्ही खेळांत वापरतात. महिनाही साधारण तोच, उन्हात घाम गाळणाऱ्या खेळाडूंचे फोटोही तसेच. म्हणून क्लब फुटबॉलचा चष्मा तसाच नाकावर ठेवून लोक एनएफएलचा कॅम्प, म्हणजे सीझनआधीचं सराव शिबिर, बघतात.

क्लब फुटबॉलचं तुम्हाला ठाऊकच आहे. जुलैत खेळाडू सुट्टीवरून परततात, वैद्यकीय तपासणी होते, धावण्याच्या चाचण्या होतात, मग डोंगरातलं एखादं शांत गाव किंवा अमेरिका-आशियाचा दौरा आणि पाच-सहा फ्रेंडली. हाफटाइमला अकराच्या अकरा बदलले तरी कोणी भुवई उंचावत नाही. 2014 मध्ये मँचेस्टर युनायटेड आणि रेआल माद्रिदच्या फ्रेंडलीला मिशिगनच्या स्टेडियममध्ये 1,09,318 प्रेक्षक होते. त्या दिवशी एखादा खेळाडू कितीही वाईट खेळला असता, तरी दुसऱ्या दिवशी त्याचा करार रद्द झाला नसता. तिथे करार म्हणजे करार. खेळाडू नको असेल तर त्याला विका, लोनवर पाठवा, नाहीतर पैसे मोजून मोकळं करा. प्रीमियर लीगच्या 25 जणांच्या यादीत नाव आलं नाही तरी पगार चालू राहतो. सीझन सुरू होईपर्यंत शरीर आणि डावपेच तयार व्हावेत, एवढ्यासाठीच तो सगळा खटाटोप.

एनएफएलच्या कॅम्पमध्ये 90 माणसं येतात आणि 53 उरतात.

सगळा फरक या एका वाक्यात आहे, आणि लोक अडखळतात तेही इथेच. 32 संघ, प्रत्येकातून 37 जण बाहेर, म्हणजे जवळपास 1,184 माणसांचं काम जातं. 2023 पासून तर टप्पेही राहिले नाहीत. आधी 90 वरून 85, मग 80 अशी कपात व्हायची. आता ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी 4 वाजेपर्यंत थेट 90 चे 53 करायचे. आणि यादीच्या तळाशी असलेल्या खेळाडूच्या हातातला कागद म्हणजे हमी नव्हे. सीझनचा पगार आठवड्याच्या हप्त्यांनी, पहिल्या अधिकृत सामन्यापासून सुरू होतो. कॅम्पमध्ये मिळतो तो ठरावीक भत्ता. मंगळवारी नाव वगळलं गेलं, तर करारावर छापलेला सीझनच्या पगाराचा आकडा त्याच्या खात्यात कधी येतच नाही.

आता 53 चा हिशेब मांडून बघा. साधारणपणे ऑफेन्सचे (चढाईचे) 25, डिफेन्सचे (बचावाचे) 25, आणि किकर, पंटर, लाँग स्नॅपर हे लाथेने चेंडू मारण्याच्या डावांपुरते तिघं. ऑफेन्सच्या 25 मध्ये रिसीव्हरना, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांना, जागा मिळतात पाच, फार तर सहा. कॅम्पमध्ये मात्र अकरा-बारा रिसीव्हर असतात. पहिले तीन-चार कोण हे जुलैतच सगळ्यांना माहीत असतं. उरलेले सात-आठ जण एका किंवा दोन जागांसाठी झगडत असतात. आणि तो पाचवा-सहावा रिसीव्हर खऱ्या सीझनमध्ये किती चेंडू झेलणार? जवळजवळ एकही नाही. मग त्याला ठेवायचं कशासाठी? किकऑफनंतर, म्हणजे लाथेने चेंडू समोरच्या संघाकडे धाडल्यावर, जिवाच्या आकांताने धावत जाऊन समोरच्याला पाडण्यासाठी, पंटच्या (चढाई अडली की चेंडू लाथेने दूर मारण्याच्या) वेळी अडवण्यासाठी. थोडक्यात, स्पेशल टीम्ससाठी, म्हणजे या लाथेच्या डावांत उतरणाऱ्या तुकड्यांसाठी. 53 मधले शेवटचे सात-आठ जण बहुतेक संघांत तिथेच ठरतात.

हे लक्षात आलं की सामना बघायची रीतच बदलते. चेंडूमागे डोळे फिरवणं सोडा, जर्सीचे नंबर वाचा. किकऑफ, किकऑफ रिटर्न, पंट, पंट रिटर्न अशी चार मुख्य युनिटं असतात (रिटर्न म्हणजे आलेला चेंडू घेऊन उलट धावणं). यादीत खाली असलेला एखादा खेळाडू या चारांपैकी तीन-चार युनिटांत दिसला, तर प्रशिक्षक त्याच्यासाठी जागा शोधतायत असं समजा. एखादा अनुभवी राखीव खेळाडू यातल्या कशातच नसेल, तर त्याचं अवघड आहे. 2024 पासून किकऑफचा नियम बदलला आणि रिटर्नची संख्या वाढली, त्यामुळे या माणसांची किंमत आणखी चढली.

सगळ्यात बोलकं उदाहरण 1995 चं. डेन्व्हर ब्रॉन्कोसने ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, सहाव्या फेरीत घेतलेला टेरेल डेव्हिस हा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) यादीत इतका खाली होता की घरी परत जावं असं त्याच्या मनात येत होतं. हे पुढे त्यानेच सांगितलं. ऑगस्टमध्ये टोकियोत सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध प्री-सीझनचा सामना होता. डेव्हिसला उतरवलं ते किकऑफ कव्हरेजला. चेंडू हवेत गेला, हा सरळ रेषेत धावत सुटला आणि रिटर्न करणाऱ्यावर असा आदळला की तो होता तिथेच आडवा झाला. धावणं हे ज्याचं काम, त्याच्याकडे प्रशिक्षकांचं लक्ष गेलं ते एका टॅकलमुळे. त्याच वर्षी तो पहिल्या पसंतीचा रनिंग बॅक झाला, 1998 मध्ये त्याने 2,008 यार्ड धाव घेतली आणि 2017 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या सन्मानयादीत, पोचला. "राखीव खेळाडूंचा वेळ" म्हणून टीव्ही बंद करणाऱ्याला हा क्षण दिसलाच नसता.

चौथा क्वार्टर, म्हणजे सामन्याचा शेवटचा चतुर्थांश, बघा म्हणतोय, पण त्यात एक गुंता आहे, तोही सांगतो. प्री-सीझनच्या शेवटच्या सामन्यात शेवटपर्यंत खेळणं ही चांगली खूण नाही. ज्याचं स्थान पक्कं झालंय, त्याला त्या सामन्यात बसवून ठेवतात. एखादा नवखा पोरगा पहिले दोन सामने जीव तोडून खेळला आणि तिसऱ्यात, काही दुखलेलं नसताना, साध्या कपड्यांत उभा दिसला, तर त्याच्या घरच्यांनी निश्चिंत झोपावं. क्लब फुटबॉलमध्ये मैदानाबाहेर बसणं म्हणजे मर्जीतून उतरणं. इथे अर्थ नेमका उलटा.

स्टारना का खेळवत नाहीत, याचंही उत्तर यातच आहे. त्यांना सिद्ध करायचं काही नसतं, गमवायचं मात्र बरंच असतं. 1999 च्या ऑगस्टमध्ये सेंट लुईस रॅम्सचा क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन प्री-सीझनच्या सामन्यात गुडघा मोडून बसला आणि त्याचा अख्खा सीझन गेला. त्याच्या जागी आला कर्ट वॉर्नर. त्याला 1994 मध्ये ग्रीन बे पॅकर्स संघाने कॅम्पमधूनच घरी पाठवलं होतं, आणि नंतर त्याने किराणा दुकानात रात्रपाळीला माल लावायचं काम केलं होतं. वॉर्नरने त्या सीझनला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. गोष्ट सुंदर आहे, पण प्रत्येक प्रशिक्षकाला त्यातला ग्रीनचा गुडघा आधी आठवतो.

बाकीचे फरक किरकोळ. 2021 पासून प्रत्येक संघाचे तीन प्री-सीझन सामने असतात, आधी चार होते. ओहायोतल्या कँटनला हॉल ऑफ फेमच्या सामन्यात खेळणाऱ्या दोघांना एक जादा. परदेश दौरा हा इथला नियम नाही. काही संघ अजून कॉलेजच्या वसतिगृहात राहतात. पिट्सबर्ग स्टीलर्सचा कॅम्प 1966 पासून लट्रोबच्या सेंट व्हिन्सेंट कॉलेजात भरतो, मधली दोन कोविडची वर्षं सोडून. ग्रीन बेचे खेळाडू लहान मुलांच्या सायकली मागून घेऊन त्यावर बसून सरावाला जातात आणि ती मुलं हेल्मेट धरून बाजूने पळतात. कॅम्पला जायची संधी मिळाली तर एवढ्यासाठी जरूर जावं.

निकालांना अर्थ नसतो, हे दोन्हीकडे सारखंच. तरी दर वर्षी कोणीतरी त्यावरून भाकितं करतोच. 2008 मध्ये डेट्रॉइट लायन्सने चारही प्री-सीझन सामने जिंकले आणि मग 16 पैकी 16 हरले. 2017 मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सने हेच जसंच्या तसं केलं. बॉल्टिमोर रेव्हन्सने तर सलग 24 प्री-सीझन सामने जिंकले, ती मालिका ऑगस्ट 2023 मध्ये तुटली. त्या सगळ्या काळात एकही सुपर बोल त्यांच्या हाती लागला नाही.

सरावाच्या बातम्यांबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. "आज क्वार्टरबॅकने तीन इंटरसेप्शन दिले" ही ओळ (इंटरसेप्शन म्हणजे बचावपटूने झेललेली फेक) वाचून हळहळणं किंवा चेकाळणं सोडून द्या. सरावात त्याच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते आणि त्याला कोणी पाडत नाही. तो मुद्दाम अवघड फेक करून बघत असू शकतो. पहिले काही दिवस तर पॅडशिवाय, म्हणजे अंगावरच्या संरक्षक कवचाशिवाय, सराव असतो, कारण शरीराला सवय व्हावी म्हणून नियमच तसा आहे, आणि पॅड घालून सराव पूर्ण कॅम्पमध्ये जास्तीत जास्त 16 वेळा. पॅड चढेपर्यंत लाइनमनबद्दल, म्हणजे पुढच्या रांगेतल्या खेळाडूंबद्दल, लिहिलेलं काहीही वाचू नका. धक्काबुक्की हेच ज्यांचं काम, त्यांना धक्काबुक्कीशिवाय कसं जोखणार? ऑगस्टच्या सुरुवातीला छापून येणारा "अनधिकृत" डेप्थ चार्टही (कोण पहिल्या फळीत, कोण राखीव याची यादी) बाजूला ठेवा. बातमीत एकच गोष्ट शोधा: कोण कोणत्या फळीबरोबर खेळला. काल तिसऱ्या फळीत असलेला कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) आज दुसऱ्या फळीत आला, ही खरी बातमी. ती बहुतेक वेळा चौथ्या परिच्छेदात दडलेली असते.

शेवटचा गोंधळ प्रॅक्टिस स्क्वॉडचा, म्हणजे 53 बाहेरच्या, संघाबरोबर सराव करणाऱ्या खेळाडूंचा. क्लब फुटबॉलवाले त्याला "बी टीम" किंवा अकादमी समजतात. तसं नाही. वगळलेल्या खेळाडूचे चार सीझन जमा झालेले नसतील, तर त्याचं नाव वेव्हरवर जातं आणि बाकीच्या 31 संघांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्यावर दावा सांगता येतो. एकाहून जास्त दावे आले तर गेल्या सीझनला सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला प्राधान्य. चार सीझन झालेला अनुभवी खेळाडू लगेच मोकळा. कोणीच दावा केला नाही, तर संघ त्याला 16 जणांच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर घेऊ शकतो. पण हा खेळाडू संघाला बांधलेला नसतो. दुसरा कोणताही संघ त्याला आपल्या 53 मध्ये जागा देऊन उचलू शकतो, आणि पहिल्या संघाला त्याबद्दल छदामही मिळत नाही. लाइनबॅकर (बचावफळीतला खेळाडू) जेम्स हॅरिसनला स्टीलर्सने एकापेक्षा जास्त वेळा वगळलं होतं. 2004 च्या कॅम्पमध्ये दुसऱ्या लाइनबॅकरला दुखापत झाली म्हणून त्याला परत बोलावलं, आणि 2008 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

म्हणून मंगळवारी संध्याकाळी 53 ची यादी आली की लगेच सुस्कारा सोडू नका आणि रडूही नका. एखाद्या जखमी खेळाडूला एक रात्र यादीत ठेवून बुधवारी इंजर्ड रिझर्व्हवर, म्हणजे जखमींच्या वेगळ्या यादीवर, टाकतात, म्हणजे चार सामन्यांनंतर तो परत येऊ शकतो. त्याच्या रिकाम्या जागेवर, आधीच कानात सांगून मोकळा केलेला एखादा अनुभवी खेळाडू पुन्हा सही करतो. बुधवारी दुपारी दाव्यांची मुदत संपल्यावर यादी परत उघडून बघा. तुमच्या संघाच्या तळाची तीन-चार नावं बदललेली असतील.