टाकाऊतली कला आणि कागदी गणपतीचा घोळ

बेळगाव-खानापूर पट्ट्यात टाकाऊतनं काही करणं नवीन नाही. जुन्या लुगड्या-धोतरांची वाकळ घरोघरी होती, हल्याळ-खानापूरकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकेतल्या) बायकांच्या कवंद्या, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या गोधड्या, तर आता प्रदर्शनांत लागतात. ते माहीतच आहे, सोडा.

घोळ झाला तो कागदी गणपतीचा. इथला सार्वजनिक उत्सव १९०५ पासूनचा मानतात, पण मूर्ती कशाची हा वाद अगदी अलीकडचा. पीओपी विरघळत नाही म्हणून ओरड सुरू झाली, आणि २०११ ला महाराष्ट्रात एक जीआर निघाला त्यात कागदी मूर्तींना प्रोत्साहन होतं. सीमेपलीकडं काही निघालं की आपल्याकडं पोचायला वेळ लागत नाही. रद्दी भिजवायची, लगदा करायचा, त्यात व्हायटिंग (खडूची पूड) आणि डिंक घालून साच्यात थापायचा, दोन फुटी मूर्ती एका हातानं उचलता येते, शिवाय रद्दी सत्कारणी लागते, मग कुणाला आवडणार नाही?

पण मुंबईतल्या तपासणीत १० किलोच्या कागदी मूर्तीनं १००० लिटर पाणी खराब होतं असं निघालं, वर छपाईच्या शाईतले धातू. २०१६ ला राष्ट्रीय हरित लवादानं त्या जीआरमधल्या कागदी मूर्तींच्या भागाला स्थगिती दिली. आणि त्याच वर्षी कर्नाटकात पीओपीवर बंदी! म्हणजे एक तर चालत नाही, दुसरं सुचवलं तेही अडलं, आणि शाडू महाग. मला विचाराल तर स्थगिती बरोबरच होती, पण रद्दीची मूर्ती करणाऱ्याला आधी इको-फ्रेंडली म्हणून टाळ्या द्यायच्या आणि नंतर प्रदूषण करणारा ठरवायचं हे काही बरं नाही. लगदा घरातल्या शोपीसला चालतोच की, अडचण आहे ती कपिलेश्वर तलावात सोडायची. वाकळ कोण पाण्यात सोडतंय?

बेळगावच्या कॅम्पातल्या ओल्डमॅनचं, म्हणजे सरत्या वर्षाचा म्हणून जाळायच्या पुतळ्याचं पण तसंच, फक्त तिथं आग. ३१ डिसेंबरला जुनी पँट-शर्ट, आत पिंजर (भाताचं वाळलं गवत), पुठ्ठ्याचं तोंड, पोटात फटाके, असं पोरं घरीच करायची, आता रस्त्याकडेला तयार विकत मिळतो. कपडे सुती असले तर ठीक, आता बहुतेक टेरिकॉट-पॉलिस्टर, तो जळताना वितळतो आणि काळा धूर सोडतो, शिवाय तोंडाला प्लास्टिकचा मुखवटा. यावर मात्र अजून कुणी जीआर काढलेला ऐकला नाही.