गार रश्श्यातली मिरची उशिरा का झोंबते?

पारा चाळिशीकडे सरकला की मोबाइलवर कोरियन गार नूडल्सचे व्हिडिओ येऊ लागतात. स्टीलच्या वाडग्यात राखाडी शेवया, वर काकडी आणि मुळ्याच्या चकत्या, अर्धं उकडलेलं अंडं, लालभडक मसाल्याचा गोळा, आणि रश्श्यावर चक्क बर्फाचा चुरा. खाली मजकूर ठरलेला: ‘तिखट खा, घाम काढा, शरीर आतून थंड करा, डिटॉक्स व्हा.’ पदार्थ फक्कड आहे. मजकूर बहुतेक थोतांड आहे.

या पदार्थाचं नाव नेंगम्यॉन. गंमत म्हणजे तो मुळात उन्हाळ्यातला नव्हेच. 1849 सालच्या ‘तोंगगुक सेसिगी’ या कोरियन ग्रंथात वर्षभराच्या चालीरीती नोंदवल्या आहेत, त्यात नेंगम्यॉन येतो तो चांद्रवर्षाच्या अकराव्या महिन्यात, म्हणजे ऐन हिवाळ्यात. मुळ्याच्या किमचीचं (कोरियन आंबवलेल्या लोणच्याचं) आंबट पाणी तेव्हा आपसूकच गारठलेलं असे. पुढे कारखान्यातला बर्फ आणि फ्रीज आले आणि हिवाळ्याचं खाणं उन्हाळ्यात गेलं. प्योंगयांगचा नेंगम्यॉन कुट्टूच्या (बकव्हीटच्या) शेवयांचा आणि अगदी सौम्य चवीचा. एप्रिल 2018 मध्ये दोन्ही कोरियांच्या नेत्यांच्या भेटीत उत्तरेकडून आला तो हाच. उत्तर कोरियातल्याच हामहुंग शहराचा मात्र बटाट्याच्या किंवा रताळ्याच्या पिठाचा, चिवट आणि तिखट. मिरची घातलेल्या गार रश्श्याला तिथल्या घराघरांत असंख्य रूपं आहेत.

आधी ‘शरीर थंड होतं’ या दाव्याचा हिशोब उरकू. समजा 300 मिलिलिटर रस्सा शून्य अंशाला आहे आणि त्यात 60 ग्रॅम बर्फ आहे. बर्फ वितळायला आणि रस्सा 37 अंशांपर्यंत तापायला शरीराकडून सुमारे 18 किलोकॅलरी उष्णता जाते. बसल्या जागी आपलं शरीर तासाला 70-80 किलोकॅलरी उष्णता तयार करतं, म्हणजे अख्खा वाडगा संपवून जेमतेम पाव तासाची उष्णता वजा झाली. तेवढीच उष्णता 31-32 ग्रॅम घाम सुकून घेऊन जातो. पण घाम सुकला तर! नागपूरच्या कोरड्या उन्हात तो सुकतो. मुंबईत मे महिन्यात तो बराचसा नुसता ठिबकतो आणि फारशी उष्णता घेऊन जात नाही. कोरियातला जुलै-ऑगस्टही असाच दमट. तरीही तिथे ‘इयॉल-चियॉल’ म्हणजे उष्णतेने उष्णता मारण्याची परंपरा आहे, ऐन उकाड्यात वाफाळतं कोंबडीचं सूप पितात. काट्याने काटा काढायचा हा हिशोब दमट हवेत फसतो. आपल्याकडे मिरची ‘उष्ण’ आणि काकडी ‘थंड’ ठरवून घरोघरी उपदेश चालतात, त्यांनाही थर्मामीटर लावून बघायला हवा.

मग वाडगा खाताना इतकं गार का वाटतं, आणि त्यातली मिरची अशी चोरपावलांनी का येते? उत्तर एका प्रथिनात आहे. 1997 साली अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं, आणि 2021 चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळालं. प्रथिनाचं नाव टीआरपीव्ही-1. ते जिभेतल्या वेदना वाहणाऱ्या चेतातंतूंच्या आवरणात रुतलेलं असतं, मधोमध एक भोक घेऊन. भोक उघडलं की सोडियम आणि कॅल्शियमचे आयन (विद्युतभारित कण) आत घुसतात, तंतू पेटतो आणि मेंदूला निरोप जातो: भाजलं! एरवी हे भोक सुमारे 43 अंशांपुढे उघडतं. मिरचीतलं कॅप्सायसिन प्रथिनाला चिकटलं की ही मर्यादा खाली येते, इतकी की तोंडातले 37 अंशही पुरतात. म्हणजे मिरची तोंड तापवत नाही, जिभेचा तापमापकच बिघडवते. आम्लही हेच करतं, म्हणून व्हिनेगर टाकलेला तिखट रस्सा जास्त चावरा लागतो.

आता जरा खोलात जाऊ. हे भोक तापमान आणि विद्युतदाब दोन्हींना दाद देतं. चेतापेशीच्या आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे 60-70 मिलिव्होल्ट ऋण असतो. थंड असताना टीआरपीव्ही-1 उघडायला दाब धन बाजूला बराच पुढे न्यावा लागतो, जो पेशीत सहसा नसतोच. किती दाबाला भोक किती उघडतं याचा आलेख काढला तर एक वक्र मिळतो; तापमान वाढलं की हा वक्र ऋण बाजूला सरकतो आणि पेशीच्या नेहमीच्या दाबालाही भोक उघडू लागतं. कॅप्सायसिनही वक्र त्याच दिशेला सरकवतं. दोघांचा परिणाम एकमेकांत मिळतो. त्यामुळे बर्फाळ रश्श्याने जीभ दहा-पंधरा अंशांवर आणली की कॅप्सायसिनने ढकललेला वक्र गारठा परत मागे खेचतो. रेणू जागेवर चिकटलेला आहे, पण भोक जवळजवळ बंद.

आणि मग घोट गिळला जातो. जिभेत भरपूर रक्त खेळतं, त्यामुळे ती भराभर पुन्हा गरम होते. कॅप्सायसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, आवरणातल्या चरबीत मुरून बसतं, त्यामुळे रश्श्याबरोबर धुऊन जात नाही. तापमान चढतं तसं भोक उघडतं, आणि तिखट मागाहून चढतं. उपाय म्हणून दुसरा गार घोट घेतला की आग विझते, पण त्या घोटाबरोबर आणखी थोडं कॅप्सायसिन आत येतं. वाडगा तळाशी जाईपर्यंत हात थांबत नाही तो यामुळेच. शिवाय रस्सा गार म्हणून जिभेवरचं टीआरपीएम-8 हे गारव्याचं प्रथिनही त्याच वेळी चेतलेलं असतं. शरीर थंड झालं नाही तरी मेंदूला तसे निरोप जात असतात.

घरी करायचं तर याच कारणाने रस्सा पूर्ण गार झाल्यावरच चाखून ठरवावा. गोड आणि मांसल चवीचे निरोप पुढे नेणारं टीआरपीएम-5 हे प्रथिन थंडीत मंदावतं, म्हणून कोमट असताना ‘झक्कास’ लागलेला रस्सा बर्फात पाणचट होतो. साखर, सोया सॉस थोडे वाढवावे लागतात. रस्सा पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि कडेला बर्फ धरू लागला की बाहेर काढून पिशवी चोळायची. मीठ असल्यामुळे तो शून्याच्या किंचित खाली गोठतो, म्हणून दगड न होता भुसभुशीत राहतो. बीफ किंवा कोंबडीच्या रश्श्यावरची चरबी आधी थंड करून पूर्ण काढा, नाहीतर ती टाळूला मेणासारखी चिकटते.

शेवया कुट्टूच्या. कुट्टूत ग्लुटेन नसल्याने पीठ लाटून नीट जमत नाही. त्यात स्टार्च मिसळून ते आपल्या सोऱ्यासारख्या दाबयंत्रातून थेट उकळत्या पाण्यात पाडतात. शिजल्या की लगेच गार पाण्यात हातांनी चोळून धुवायच्या, पाणी गढूळ येणं थांबेपर्यंत. वरचा सुटा स्टार्च निघून जातो, आतला आवळतो, आणि दाताला तो ताणला जाणारा चिवटपणा मिळतो. कोरियन तिखट मिळालं नाही तर बेडगी चालेल, रंग जास्त आणि झोंब कमी. मसाल्याचा गोळा मात्र रश्श्यात आधीच ढवळू नका, वर ठेवून खाणाऱ्याला मिसळू द्या. पहिल्या घोटाला ‘यात तिखट कुठंय’ म्हणून जो दोन चमचे जास्त घालतो, त्याच्यासाठी शेजारी दुधाचा पेला भरून ठेवा; कॅप्सायसिनला पाण्यापेक्षा दूध बरं आवरतं.