पन्नास हजार मुलांच्या वह्या

१९३७ साली आयर्लंडमधल्या प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना निबंधाच्या तासाला एक वेगळंच काम मिळालं. मुलं ११ ते १४ वर्षांची. त्यांनी घरी जायचं, आजी-आजोबांना किंवा शेजारच्या म्हाताऱ्याला गाठायचं, प्रश्न विचारायचे आणि मिळालेलं उत्तर लिहून आणायचं. काय विचारायचं याची पुस्तिका शिक्षकांच्या हातात होती. त्यात ५५ विषय होते. पुरलेलं धन, पवित्र झरे, गावठी औषधं, लोणी काढण्याची रीत, गावचा लोहार, दुष्काळाचे दिवस. एक विषय चक्क 'पायांची निगा' असा होता. पूर्वी मुलं कितव्या वर्षापर्यंत अनवाणी हिंडत, पाय धुतलेल्या पाण्याचं काय करत, वगैरे. ते पाणी रात्री घरात ठेवायचं नसतं, नाहीतर बाहेरच्यांना दार उघडून द्यायला ते मदत करतं, अशी समजूत होती.

१९३९ च्या जानेवारीपर्यंत हे चाललं. सुमारे ५,००० शाळा, ५०,००० मुलं आणि जवळजवळ ७,४०,००० पानं. देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या आत होती.

नव्या, गरीब देशाच्या सरकारला पाय धुतलेल्या पाण्यात एवढा रस का वाटावा?

त्यासाठी शंभर वर्षं मागे जायला हवं. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला, तो पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा येत राहिला. गरिबाच्या ताटात बटाट्याशिवाय दुसरं काही नव्हतं. जमीन जमीनदाराची, धान्य आणि गुरं खंड भरण्यासाठी, आणि ती इंग्लंडला जात राहिली. दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली, त्याहून जास्त बोटीत बसून गेली. १८५१ मध्ये लोकसंख्या ६५ लाखांवर आली होती. मेलेल्यांत आणि गेलेल्यांत पश्चिमेकडचे आणि दक्षिणेकडचे भूमिहीन सर्वांत जास्त, आणि आयरिश भाषा बोलणारेही मुख्यतः तेच. दुष्काळाने माणसांबरोबर भाषेचं घरही मोडलं.

शाळांनी उरलेलं काम केलं. १८३१ पासून सुरू झालेल्या सरकारी शाळांत शिक्षण इंग्रजीतून होतं. पोराच्या गळ्यात एक काठी अडकवत. त्याने आयरिशमध्ये एक वाक्य बोललं की काठीवर एक खाच, आणि दिवसअखेर खाचा मोजून तेवढ्या छड्या. ही 'बाटा स्कोर'ची गोष्ट आयरिश राष्ट्रवादी लेखनात ठसठशीतपणे येते. एक भाग मात्र घाईने उरकला जातो. अनेक ठिकाणी ही काठी आईबापांच्या संमतीने, कधी त्यांच्याच हाताने चालायची. अमेरिकेला जाणाऱ्या पोराला आयरिश काय कामाची? १८५१ मध्ये पंधरा लाखांच्या आसपास असलेले आयरिशभाषक १९११ पर्यंत सहा लाखांच्याही आत आले.

लोककथांना बाहेरून मागणी आधीपासून होती. कॉर्कच्या टॉमस क्रोफ्टन क्रोकरने १८२५ मध्ये दक्षिण आयर्लंडमधल्या परीकथांचं पुस्तक काढलं आणि पुढच्याच वर्षी ग्रिम बंधूंनी ते जर्मनमध्ये नेलं. 'परी' शब्द इथे फसवा आहे. पंख आणि कांडी मनातून काढून टाकायला हवी. आयरिश 'शी' हे माणसासारखेच दिसणारे, शेतातल्या गोल मातीच्या गढ्यांत राहणारे आणि अपमान न विसरणारे. त्यांचं नाव घेत नाहीत, 'भली माणसं' म्हणतात. आपल्याकडे रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात तसंच. गढ्या म्हणजे खरं तर हजार-पंधराशे वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्त्यांचे बांध. पण त्यावर नांगर घालायला आजही कित्येक जण धजत नाहीत.

याच श्रद्धेची काळी बाजू १८९५ च्या मार्चमध्ये जगासमोर आली. टिपररी परगण्यातल्या मायकेल क्लिअरीने आपली बायको ब्रिजेट आजारी पडल्यावर ठरवलं की ही ती नव्हेच. खरी ब्रिजेट शी लोकांनी नेली आणि तिच्या जागी दुसरीच ठेवली. नातेवाइकांच्या देखत त्याने तिला जाळलं. ब्रिजेट शिवणकाम करून स्वतःचे पैसे कमावणारी, नीटनेटकी राहणारी बाई होती, हे मुद्दाम सांगायला हवं. सदोष मनुष्यवधासाठी त्याला शिक्षा झाली. होमरूलचा वाद पेटलेला असतानाच हे घडलं, त्यामुळे विरोधकांच्या वर्तमानपत्रांना आयतं कोलीत मिळालं: हे लोक स्वतःचं राज्य चालवणार? लोकपरंपरा ही देशाची शोभा की देशाची लाज, हा प्रश्न आयर्लंडमध्ये कधीच निव्वळ पंडिती नव्हता.

डग्लस हाइड यांनी तो उलटा फिरवला. ते प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचे चिरंजीव, आयरिश शिकले ते रॉसकॉमनमधल्या शेतकऱ्यांकडून आणि शिकारखान्याच्या रखवालदाराकडून. नोव्हेंबर १८९२ मध्ये त्यांनी डब्लिनला भाषण केलं. विषय होता आयर्लंडचं इंग्रजीकरण उतरवण्याची गरज. इंग्रजांचा द्वेष करायचा, त्यांच्यापासून फुटून निघायची भाषा करायची आणि नक्कल मात्र त्यांचीच करायची, या विसंगतीवर त्यांनी बोट ठेवलं. पुढच्या वर्षी गेलिक लीग स्थापन झाली. त्याआधी १८८४ मध्ये देशी खेळांची संघटना, जीएए, उभी राहिली होती. खेळ, भाषा, नाच, गोष्टी, सगळ्याला राष्ट्राचा शिक्का मिळू लागला.

शिक्का मारताना निवड होतेच. 'केली' हा आज अस्सल आयरिश समजला जाणारा सामूहिक नाचाचा कार्यक्रम. लीगने पहिली केली भरवली १८९७ मध्ये, आणि ती लंडनमध्ये. गावोगाव लोक नाचत असलेले 'सेट' मात्र लीगमधल्या कडव्या मंडळींना परके वाटत, कारण त्यांचं मूळ क्वाड्रिल या फ्रेंच नाचात. शेतकऱ्याच्या ओसरीत दोन-तीन पिढ्या मुरलेला नाच परका आणि लंडनच्या सभागृहात बसवलेला स्वदेशी!

ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या ईस्टर उठावाचे एक पुढारी पॅट्रिक पिअर्स हे लीगच्याच वृत्तपत्राचे माजी संपादक. त्याच एप्रिल महिन्यात टिळकांनी बेळगावला होमरूल लीग काढली. ते नाव आयरिश चळवळीकडून आलेलं. पिअर्सना गोळ्या घातल्या गेल्या, १९२२ मध्ये २६ परगण्यांचं स्वतंत्र राज्य झालं आणि ईशान्येकडचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले.

नव्या राज्यात लोकपरंपरेच्या कामाला चेहरा मिळाला तो जेम्स डेलार्गी यांचा. अँट्रिममधल्या कुशेंडॉलचे हे गृहस्थ १९२३ मध्ये केरीच्या टोकाला, किलरीअलिग नावाच्या वाडीत, शॉन ओ कोनिल या म्हाताऱ्याला भेटले. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं, पण गोष्टींचा साठा अफाट. अडचण एकच, ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. गोष्टी विसरू नयेत म्हणून तो गुरं राखताना दगडी गडग्याला हातवारे करून गोष्ट सांगायचा. बाजारातून परतताना चढावर घोडा हळू झाला की गाडीमागून चालत गाडीच्या पाठीला सांगायचा. डेलार्गींनी पुढे हे लिहून ठेवलं आहे. ओ कोनिल १९३१ मध्ये वारला. त्याच्या गोष्टींचं पुस्तक १९४८ मध्ये आलं.

डेलार्गींना घाई होती ती यासाठी. १९२७ मध्ये लोकविद्येची संस्था आणि तिचं नियतकालिक निघालं. नियतकालिकाचं नाव 'बेलद्यस', शब्दशः 'तोंडचं शिक्षण'. १९३५ मध्ये सरकारी आयरिश लोकविद्या आयोग स्थापन झाला. पद्धत मात्र स्वीडनची. लुंडचे प्राध्यापक कार्ल विल्हेल्म फॉन सिडो हे मोठे पाठीराखे. ते आयरिश शिकले होते. (नट मॅक्स फॉन सिडो हे त्यांचे चिरंजीव.) आयोगाचे अभिलेखपाल शॉन ओ सुलवॉन उप्सालाला जाऊन वर्गीकरण शिकून आले. आयरिश आत्मा भरला गेला तो स्वीडिश कप्प्यांत.

आयोगाचे संग्राहक सायकलवर आणि पुढे मोटारीने एडिफोन नावाचं जड यंत्र घेऊन हिंडत. आवाज मेणाच्या नळकांडीवर उमटायचा. संग्राहक तो ऐकून शब्दन्‌शब्द वहीत उतरवायचा, मग नळकांडी परत जायची, मेणाचा थर तासला जायचा आणि तिच्यावर पुढचा आवाज. पैसेच तेवढे नव्हते. त्यामुळे हजारो पानं आहेत आणि ते आवाज बहुतेक नाहीत. ब्लास्केट बेटाच्या पेग सेयर्सबाईंकडून आयोगाच्या शोसव ओ डॉली यांनी शेकडो गोष्टी टिपल्या. बेट १९५३ मध्ये रिकामं करावं लागलं.

ज्या १९३५ मध्ये हा आयोग आला त्याच वर्षी सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदाही आला. नाच ठेवायचा तर न्यायालयाचा परवाना हवा. त्याच्या आधी काही वर्षं बिशप मंडळी नाचाच्या अनीतीविरुद्ध बोलत होती. १९३४ च्या जानेवारीत लीट्रिममधल्या मोहिल गावात 'जॅझ नको' म्हणून मोर्चा निघाला. कायद्याचा रोख सार्वजनिक जागांवर होता. पण पोलीस आणि पाद्री यांनी तो घराघरांतल्या नाचांवरही चालवला. चुलीपाशी व्हायोलिन, चार शेजारी, दोन सेट. एका हाताने सरकार म्हातारीची गोष्ट जपून ठेवत होतं, दुसऱ्या हाताने तिच्या ओसरीतला नाच बंद करत होतं. मला यात ढोंग दिसत नाही. त्या लोकांना खरोखरच वाटत होतं की गोष्ट म्हणजे परंपरा आणि नाच म्हणजे बिघाड.

शाळांच्या वह्या आल्या त्या या वातावरणात. ओ सुलवॉन स्वतः पूर्वी प्राथमिक शिक्षक, त्यामुळे ५५ विषयांची पुस्तिका त्यांनी मुलांना झेपेल अशी बेतली. योजना चालू असतानाच, जून १९३८ मध्ये, डग्लस हाइड देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. नोव्हेंबरमध्ये ते आयर्लंड-पोलंड फुटबॉल सामन्याला गेले. फुटबॉल हा 'परका' खेळ, म्हणून जीएएने त्यांना आश्रयदातेपदावरून काढून टाकलं. इंग्रजीकरण उतरवा म्हणणारा माणूसच बाटला!

वह्यांना मात्र ही शिस्त लागू झाली नाही, म्हणूनच त्या वाचायला मजा येते. आयोगाचा ओढा आयरिशभाषक पश्चिमेकडे आणि जुन्या वीरकथांकडे होता; बहुतांश मुलांनी इंग्रजीत लिहिलं, कारण घरात तीच भाषा होती. मजकूर रोजच्या जगण्यातला. ताक घुसळत असताना कोणी घरात शिरलं तर त्याने रवीला हात लावूनच पुढे जायचं, नाहीतर लोणी त्याच्याबरोबर जातं. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी शेजाऱ्याला विस्तव द्यायचा नाही, दुधाची बरकत जाते. गायीला पिताना दिसलेला ससा म्हणजे पलीकडची म्हातारी. काही पानांवर अक्षर एकदम बदलतं. पोराने कंटाळून ताईकडे वही दिली असणार, असा माझा आपला तर्क.

दुष्काळाची पानं वेगळी आहेत. १९३७ मध्ये तो प्रत्यक्ष आठवणारं क्वचितच कोणी उरलं होतं. जे आहे ते ऐकलेलं: अमुक शेतात पडक्या घराच्या खुणा, तमुक ठिकाणी सूपची कढई, धर्म बदलणाऱ्यालाच सूप मिळे ही आठवण. 'आमच्याकडे तितकं नव्हतं, पलीकडच्या गावात फार मेले' हा सूर अभ्यासकांना अनेक ठिकाणी आढळला आहे. आपल्या घरात भूक होती, हे नातवाला सांगणं सोपं नसावं.

जे वह्यांत नाही तेही बरंच. उत्तरेकडचे सहा परगणे नाहीत, कारण त्या शाळा दुसऱ्या राज्याच्या. आयोगाचे पूर्णवेळ संग्राहक पुरुषच होते आणि पुरुष पुरुषांना शोधत, त्यामुळे त्यांच्या नोंदींत बायकांचं बोलणं कमी पडलं. शहराला लोकविद्या असते हे मान्य व्हायला १९७९ उजाडलं, तेव्हा डब्लिनमध्ये वेगळा संग्रहप्रकल्प झाला. भटक्या 'ट्रॅव्हलर' समाजाबद्दल मुलांनी भरपूर लिहिलं, पण दाराबाहेरचे लोक म्हणून. त्याच समाजातल्या जॉनी डोरन या पाइपवादकाचं वादन आयोगाने १९४७ मध्ये ध्वनिमुद्रित केलं, आणि त्याच्या वादनाची मुख्य खूण आज तेवढीच. ट्रॅव्हलरांना स्वतंत्र वांशिक समाज म्हणून सरकारी मान्यता मिळाली २०१७ मध्ये.

आयोग १९७१ मध्ये डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विलीन झाला. त्याचा सगळा संग्रह २०१७ मध्ये युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' या नोंदीत गेला. गढ्या आणि झाडं मात्र कागदाबाहेरच आहेत. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लाटून इथे महामार्गाच्या वाटेत एक काटेरी झुडूप आलं. कथाकार एडी लेनिहन यांनी सांगितलं की शी लोकांची इथे भेटायची जागा आहे, तोडाल तर अपघात होतील. बातमी परदेशी वर्तमानपत्रांपर्यंत गेली. झुडूप राहिलं, रस्ता त्याला वळसा घालून गेला. रस्त्याच्या इंजिनिअरांचा शी लोकांवर विश्वास होता का, हे कोणी विचारलं नाही.

शाळांच्या वह्या आता 'डूखस' या संकेतस्थळावर उघड्या आहेत. हस्ताक्षर यंत्राला नीट लागत नव्हतं, म्हणून स्वयंसेवकांनी पानामागून पान टाइप करायला घेतलं. या उपक्रमाचं नाव 'मेहल'. कापणीच्या दिवसांत शेजाऱ्यांनी मजुरी न घेता एकमेकांच्या शेतात राबायचं, त्याचा हा जुना शब्द. मराठीत त्याला इर्जिक म्हणतात. पानाच्या तळाशी बहुधा तीन गोष्टी असतात: लिहिणाऱ्या मुलाचं नाव, सांगणाऱ्याचं नाव, गाव. वयही कधी असतं, ७८, ८४, ९१. बॉस्टनला किंवा सिडनीला बसलेले नातू-पणतू आधी गावाचं नाव टाकतात.